आम्ही पाहिलेले सिनेमे

सिनेमाविषयी लिहिण्याचा अधिकार आम्हांस मुळीच नाही, हे आरंभीच कबूल करून टाकलेले बरे. वर्षाकाठी फार तर दोन-तीन चित्रपट पाहणारी आम्ही माणसे. दिग्दर्शनाचे मर्म काय आणि छायालेखनात कोण कोणाहून सरस, हे कोणी विचारले तर आम्ही निमूटपणे उठून जाऊ. खानापूर तालुक्यातील आमच्या गावाहून बेळगावास जायचे म्हणजे बसची वेळ, गोठ्यातील गुरे आणि शेतातली कामे या तिहींचा मेळ बसावा लागे. तो बसला आणि खिशात चार पैसे उरले, तरच सिनेमा. तथापि ज्याने पदरचे पैसे मोजून तिकीट काढले, त्याला निदान आवडले की नाही एवढे सांगण्याचा हक्क पोहोचतो, अशी आमची समजूत आहे.

गेल्या नाताळच्या सुट्टीत पुण्याहून नातू आला होता. रात्रीची जेवणे आटोपल्यावर तो म्हणाला, "आजोबा, आज सगळ्यांनी मिळून एक सिनेमा पाहू या. तुमच्या आवडीचा सांगा, मी लावतो." प्रश्न सोपा होता, पण आम्हांस उत्तर सुचेना. पूर्वी बेळगावात जो लागेल तो आम्ही पाहत असू. निवडीची पाळी कधी आलीच नव्हती. आता नव्वद वर्षांमागचा बोलपटही घरबसल्या समोर येतो म्हणतात. म्हणून आम्ही मनाशी आजवर पाहिलेल्या सिनेमांची उजळणी करू लागलो.

पहिला आठवला तो 'संत तुकाराम'. प्रभात कंपनीचा हा बोलपट 1936 सालचा, दामले-फत्तेलाल या जोडीने दिग्दर्शित केलेला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. आम्ही तो पाहिला तो कितीतरी वर्षांनंतर, तंबूत. फेस्ताच्या दिवसांत गावाबाहेरच्या माळावर फिरता सिनेमा येई. जमिनीवर पोती अंथरून आम्ही पुढेच बसत असू, आणि रीळ तुटले की शिट्ट्यांनी तंबू डोक्यावर घेत असू. विष्णुपंत पागनीसांचा शांत तुकोबा आम्हां मुलांना आवडलाच. परंतु आमच्या आईला पटली ती गौरीने रंगविलेली जिजाई. नवरा भजनात रंगलेला आणि घरात पोरे उपाशी. मग ती बिचारी देवाशी भांडणार नाही तर काय करणार? आमचे वडीलही आल्यागेल्याला घरचे भात पायलीने देऊन मोकळे होत. परतताना आईने वाटभर जिजाईची बाजू घेऊन त्यांच्याशी वाद घातला. संतांचा महिमा गाणारा चित्रपट संताच्या बायकोचेही म्हणणे ऐकून घेतो, हे आम्हांस पुढे मोठेपणी उमगले.

या संतपटांचे आणि आपले एक जुने नाते आहे, ते पुष्कळांस ठाऊक नसते. दादासाहेब फाळके यांनी 1910-11 च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर येशूचे जीवन सरकत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. तेथून 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' जन्मास आला. परेश मोकाशी यांच्या 2009 सालच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त ही सारी धडपड हसतखेळत दाखविली आहे. एका धर्माची कथा पाहून दुसऱ्या धर्माच्या माणसास आपली कथा सांगण्याची स्फूर्ती व्हावी, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

त्या काळी सिनेमात काम करावयास स्त्रिया मिळेनात; तेव्हा तारामतीची भूमिका अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने केली. पुढे बरोबर पंच्याहत्तर वर्षांनी, 1988 साली, 'अशी ही बनवाबनवी'त पुरुषांनी पुन्हा लुगडी नेसली, ती मात्र भाड्याची खोली मिळावी म्हणून! विनोदी चित्रपटांविषयी आमची कसोटी एकच: शेजारी सून आणि नात बसलेली असता मान खाली न घालता हसता यावे. या कसोटीस पुष्कळ विनोद उतरत नाहीत, हा उतरला. शिवाय त्याच्या मुळाशी शहरात डोक्यावर छप्पर नसण्याचे खरे दुःख आहे. ज्यांची मुले मुंबई-पुण्यास खोली शोधत वणवण फिरली, त्यांना त्यातील थट्टा अधिकच कळेल.

मारधाडीच्या चित्रपटांचे आम्हांस वेड नाही. पण 1975 चा 'शोले' न पाहिलेला मनुष्य आमच्या पिढीत सापडणे कठीण. मुंबईच्या एका चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला. दरोडेखोराची ऐट, घोडे, बंदुका, सारे काही आम्ही पाहिले आणि टाळ्याही वाजविल्या. मनात राहिला मात्र तो आंधळा म्हातारा इमाम. एकुलत्या तरुण मुलाचे प्रेत दारी येते. माणसे गप्प उभी असतात, आणि त्या शांततेचे कारण तोच विचारतो. ए. के. हंगल यांनी तो प्रसंग असा केला आहे, की आमच्या मागच्या रांगेतील शिट्ट्या आपोआप थांबल्या. तो मुलगा झालेले सचिन यांनीच पुढे 'बनवाबनवी' काढला. त्याच 1975 साली 'जय संतोषी माँ' हा अल्प खर्चात काढलेला पौराणिक चित्रपटही तुफान चालला. लोक चित्रपटगृहात पादत्राणे काढून बसत आणि पडद्यावर फुले-पैसे उधळीत. कोणी त्यांस हसले; आम्हांस हसवले नाही. भोळ्या भावाची चेष्टा करणे सोपे असते, परंतु तो भाव आपल्यापाशी किती आहे, हेही तपासून पाहावे.

भुताखेतांच्या चित्रपटांवर आमच्या घरी बंदी होती, म्हणजे आम्ही ते चोरून पाहिले. त्यांतला 1949 चा 'महल' तेवढा सांगण्याजोगा. कारण त्यात अखेर भूत निघत नाही, माणसाचा भ्रम निघतो. बाकीचे विसरलेलेच बरे.

आता ज्याविषयी लिहावे की नाही म्हणून आम्ही घुटमळत होतो, त्याकडे वळतो. 1977 सालचा मनमोहन देसाई यांचा 'अमर अकबर अँथनी'. घरची आठ माणसे गेलो होतो. आमच्या काकीसुद्धा होत्या. पडद्यावर आपल्यातला एक नायक, गळ्यात क्रूस, पाद्रीबाबांनी वाढविलेला. आम्ही हरखून गेलो. हा अँथनी देशी दारूचा गुत्ता चालवितो, आणि एकदा झिंगून आरशासमोर उभा राहतो व आपल्या जखमांची मलमपट्टी आरशातल्या प्रतिबिंबाला करतो. सारे चित्रपटगृह हास्याने दणाणून गेले. आम्हीही पोट धरून हसलो. हसता हसता सहज बाजूला पाहिले, तो काकी पदराचे टोक बोटाला गुंडाळीत खाली मान घालून बसल्या होत्या.

आमचे काका पीत असत. गावात सर्वांना ठाऊक होते, आणि घरात कोणी बोलत नसे. बसमधून परत येताना आम्ही काकींना विचारले, "काकी, सिनेमा आवडला नाही का?" त्या म्हणाल्या, "चांगला होता की. पण बाबा, तिथं आरसा होता. आमच्या घरी आरसा नसतो, मी असते." एवढेच बोलून त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. काकांच्या हातून पडलेल्या, मोडलेल्या वस्तू आम्ही पाहिल्या होत्या. काकींच्या कपाळावरची खूणही पाहिली होती. ती विहिरीवर पडल्याची आहे, असे त्यांनी सांगितले, आणि आम्ही ते मानून घेतले होते, कारण मानणे सोयीचे होते. त्या दिवशी हसलो याचे आम्हांस अजून वाईट वाटते, आणि त्याहून अधिक वाईट वाटते ते इतके दिवस गप्प राहिल्याचे. दुसऱ्याच आठवड्यात वडील आणि आम्ही काकांशी बोललो. फार उशिरा बोललो. काका सुधारले, असे लिहिता आले असते तर हा परिच्छेद आम्ही आनंदाने संपविला असता. मात्र त्यानंतर काकी रात्री-अपरात्री आमच्या दारी येऊ लागल्या, आणि त्यांना कधी दार ठोठवावे लागले नाही.

दोष त्या चित्रपटाचा, असे आम्ही म्हणत नाही. उलट तीन धर्मांत वाढलेले तीन भाऊ एकाच वेळी एका मातेला रक्त देतात, हे त्यातील चित्र डॉक्टरांना हसू आणणारे असले तरी आम्हांस प्रिय आहे. तक्रार एवढीच, की हिंदी पडद्यावर ख्रिस्ती मनुष्य दिसला की त्याच्या हाती बहुधा बाटली असे. आणि आपण त्याला हसलो, कारण ते चित्र सर्वस्वी खोटे नव्हते.

परंतु ते पुरेही नव्हते. त्याच चित्रपटातील गाण्यात जे अँथनी गोन्साल्विस हे नाव येते, ते खऱ्या माणसाचे. गोव्यातील माजोर्डा गावचे हे व्हायोलिनवादक संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. शिष्याने गुरूच्या नावाला असा मान दिला. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा करीत. फ्रँक फर्नांड हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदांत वाजवीत आले आणि त्यांनी 'आमचें नशीब' (1963) व 'निर्मोण' (1966) हे कोंकणी चित्रपटही निर्माण केले. चर्चच्या शाळेत सुरावली शिकलेल्या किती हातांनी ही गाणी सजविली! पडद्यावर आपला मनुष्य झिंगत होता, त्याच वेळी पडद्यामागे आपलाच मनुष्य शुद्धीवर राहून, रात्र रात्र जागून स्वरलिपी लिहीत होता. आपल्या मुलांना पहिला ठाऊक आहे. दुसरा आपण सांगावयास हवा.

अगदी अलीकडचा म्हणाल तर 2016 चा 'सैराट'. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटातील गाण्यांवर आमच्याकडील लग्नांतही पोरे नाचली. शेवट मात्र रक्तात भिजलेल्या इवल्या पावलांचा, आणि आवाज कसलाही नाही. आम्ही बाहेर आलो ते मुकाट्याने. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणारी आपली घरेसुद्धा सोयरीक ठरविताना जुन्या जाती हळूच विचारतात, हे आम्ही सारे जाणतो. तो प्रश्न आमच्या घरीही विचारला गेला होता, आणि विचारणारे आम्हीच होतो.

हे सारे आठवून झाल्यावर आम्ही नातवाला म्हणालो, "'श्वास' लाव." आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ने राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविले, त्यानंतर पन्नास वर्षांनी, 2004 साली, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान पुन्हा मराठीला मिळाला तो संदीप सावंत यांच्या या चित्रपटामुळे. कोंकणातला एक मुलगा, डोळ्यांना कर्करोग. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेपूर्वी त्याचा आजोबा कोणास न सांगता त्याला रुग्णालयाबाहेर नेतो, डोळे आहेत तोवर जग दाखवावे म्हणून. त्यात खलनायक नाही, मारामारी नाही. आजोबा आणि नातू, एवढेच.

चित्रपट संपला तेव्हा घरात कोणी दिवा लावला नाही. काकी आता नव्वदीच्या घरात आहेत, त्यांना फारसे दिसत नाही. त्या कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. नातवाने त्यांच्याजवळ सरकून हळूच विचारले, "मोठ्या आजी, तुम्हांला कळला का?" त्या म्हणाल्या, "तू जवळ बसून सांग, म्हणजे कळेल."

मग तो सांगत बसला, बराच वेळ. वाचकहो, आमचे सिनेमाविषयीचे मत एवढेच आहे. कोणताही पाहा, पण एकट्याने पाहून उठू नका. परतीच्या वाटेवर, नाहीतर अंथरुणावर पडण्यापूर्वी, त्याविषयी घरच्यांशी दोन शब्द बोला, आणि आपल्या शेजारी कोण हसले नाही, तेही पाहा.