साल, साखर आणि कोको

चॉकलेट-संत्र्याचे कपकेक करायचे म्हटलं की बहुतेक जणी आधी संत्र्यांचा रस काढायला घेतात. साली केराच्या डब्यात जातात, रस मिश्रणात जातो आणि भाजून झाल्यावर कपकेकला नुसती कोकोची चव लागते. मग पुढच्या वेळी रस वाढवला जातो. शेजारच्या मुलीला मी बेकिंग शिकवते, तिनेही हेच विचारलं होतं, "काकू, पाण्याऐवजी सगळा रसच घातला तर?" मी तिला संत्र्याच्या सालीचा एक तुकडा दिला आणि म्हटलं, खिडकीतल्या उन्हाकडे धरून दुमड. सालीतून बारीक फवारा उडाला आणि खोलीभर वास पसरला. संत्रं म्हणून आपण जे ओळखतो ते त्या फवाऱ्यात असतं. रसात आंबटगोडपणा असतो, थोडा वासही असतो, पण तो ओव्हनच्या उष्णतेत टिकत नाही. उरलेला हलका आंबटपणा कोकोपुढे कुणाला जाणवणार?

नागपुरात राहून बेकिंग करणाऱ्या बाईला संत्र्यांची टंचाई नाही. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या सुमारास यायला लागतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडकडून गाड्या भरून माल कळमन्याच्या बाजारात उतरतो. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हे फळ किसणीसाठी अवघड आहे. युरोप-अमेरिकेतल्या पाककृतींत ज्या ऑरेंजची साल किसायला सांगतात, त्याची साल घट्ट आणि गराला चिकटलेली असते. आपलं संत्रं सैल सालीचं. अंगठा घातला की साल हातात येते, म्हणून तर ते पोरांना सोलून खायला आवडतं. तेच फळ किसणीवर दाबलं की साल आत दबते, सुरकुतते आणि किसाबरोबर खालचा पांढरा थरही निघून येतो. तो थर कडू. कोको आधीच कडू, त्यात हा कडवटपणा मिसळला की जिभेच्या मागच्या बाजूला बराच वेळ रेंगाळतो.

म्हणून बेकिंगसाठी मी वेगळी फळं निवडते. केशरी, पिकून फुगलेली, आत पोकळ वाटणारी संत्री खायला ठेवते. किसायला हंगामाच्या सुरुवातीची, पिवळट-हिरवी झाक असलेली, हाताला कडक लागणारी फळं घेते. रंगावरून लोक त्यांना कच्ची समजतात आणि बाजूला सारतात. पण त्यांची साल घट्ट असते आणि रसही जरा आंबट, दोन्ही माझ्या कामाचं. घरी आणल्यावर कोमट पाण्याने चोळून धुते, कारण बाजारातल्या चकचकीत फळांवर कधीकधी मेणाचा हात दिलेला असतो. पुसून कोरडी करते आणि थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवते. गार फळाची साल किसणीखाली कमी दबते. फळ सोलण्याआधी, अख्खं असतानाच किसायचं. बारीक दातांची किसणी हलक्या हाताने एका जागी एकदाच फिरवायची आणि फळ वळवायचं. खाली पांढरं दिसलं की पुढच्या जागेवर.

त्यानंतरचं काम मला सगळ्यात आवडतं. किस साखरेवर टाकायचा आणि बोटांनी चोळत राहायचं. पिठीसाखर नको, आपली रोजच्या चहाची दाणेदार साखरच हवी. दाण्यांच्या कडा सालीतल्या तेलाच्या बारीक पिशव्या फोडतात आणि ते तेल साखर धरून ठेवते. दोन-चार मिनिटांत साखर ओलसर होते, तिला फिकट केशरी रंग येतो आणि ती मुठीत दाबली तर गोळा होतो. मग तिच्यावर बेताचं तेल ओतून झाकून अर्धा तास ठेवून द्यायचं. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेला-तुपात सहज विरघळतं. त्यामुळे हा अर्धा तास वाया जात नाही. सुगंधाला बसायला जागा मिळते.

ही जागा का द्यावी लागते, ते भाजताना कळतं. लिमोनीनचा उत्कलनबिंदू 176 अंश सेल्सिअस आहे. कपकेकचा आतला भाग शंभराच्या वर जात नाही, तेव्हा ते उडायला नको असं वाटेल. पण मिश्रणात पाणी आहे, पाण्याची वाफ होते आणि ती वाफ सुगंधी तेलांना आपल्याबरोबर घेऊन निघते. अत्तरवाले गुलाबाचा आणि केवड्याचा वास वाफेवरच काढतात, ते याच गुणामुळे. ओव्हनमध्ये आपल्याला नको असतानाही तेच ऊर्ध्वपातन चालू होतं. तेलात विरघळलेला सुगंध त्या मानाने मुक्कामाला राहतो. आंबट-गोड फळांचं बेकिंग म्हणजे मला तरी मुख्यतः हेच काम वाटतं: जे उडून जाणार आहे त्यातलं शक्य तितकं धरून ठेवणं.

माझे कपकेक बिनअंड्याचे असतात. आमच्याकडे सासूबाईंचा गुरुवार, कुणाची चतुर्थी, कुणाचा श्रावण, आणि डबा सगळ्यांपुढे फिरवता यायला हवा. पण हे मी तडजोड म्हणून करत नाही. अंडं आणि लोणी यांना स्वतःची जाड चव असते, ती सालीचा सुगंध दाबून टाकते. साध्या तेलाच्या केकमध्ये तो मोकळा लागतो. बारा कपकेकसाठी माझं माप असं: मैदा 180 ग्रॅम, कोको 30 ग्रॅम, साखर 180 ग्रॅम, खाण्याचा सोडा एक सपाट चमचा, मीठ अर्धा चमचा, वास नसलेलं तेल 80 मिलिलिटर, कढत पाणी 120 मिलिलिटर, गाळलेला संत्र्याचा रस तेवढाच आणि दोन मोठ्या संत्र्यांच्या सालीचा किस. याखेरीज एका कागदी लिंबाचा रस, साधारण पोह्याचा एक मोठा चमचाभर. हे लिंबू चवीसाठी नाही. नागपुरी संत्रं गोड असतं, त्याच्या रसात सोड्याला पुरेल इतका आंबटपणा नसतो. सोडा पुरता खर्ची पडला नाही तर केकला साबणासारखी चव येते आणि ती चव सुगंधाच्या बरोबर आड येते. अंड्याशिवायच्या जुन्या अमेरिकन चॉकलेट केकमध्ये हे काम व्हिनेगर करतं. आपल्याकडे लिंबू असताना व्हिनेगरची बाटली कशाला उघडायची?

कढत पाणी फक्त कोकोसाठी. कोकोवर ते ओतून गुठळ्या मोडेपर्यंत ढवळलं की कोकोचा वास खुलतो. कोरडी पूड थेट मैद्यात मिसळली तर तो तसा खुलत नाही. हे मिश्रण कोमट होईपर्यंत थांबायचं आणि मगच सुगंधी साखर-तेलात घालायचं, नाहीतर चोळून धरलेला वास वाटीतूनच उडून जातो. त्यात रस, लिंबू, मीठ. साखर विरघळली की चाळलेला मैदा आणि सोडा. इथून पुढे हात आवरायचा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की बस, फेटत राहिलं तर केक चिवट होतो आणि आत उभी भुयारं पडतात. सोडा आंबटाला भेटल्याक्षणी कामाला लागतो, त्यामुळे ओव्हन आधीच तापलेला आणि साच्यात कागदी कप लावून ठेवलेले हवेत.

कोकोबद्दल मी हट्टी आहे. 1828 साली ॲम्स्टरडॅमच्या व्हान हाउटेन कुटुंबाने कोकोच्या लगद्यातलं लोणी दाबून काढायची रीत आणली आणि कोकोची पूड स्वस्त झाली. पूड पाण्यात नीट मिसळावी आणि सौम्य लागावी म्हणून तिला क्षार लावण्याची पद्धतही त्यांचीच. तिला आजही डच कोको म्हणतात. गंमत अशी, की त्याच 1828 मध्ये फिलाडेल्फियाच्या एलायझा लेस्ली यांच्या पाककृतींच्या पुस्तकात 'कप केक' हे नाव छापून आलं. लहान कपांत भाजायच्या केकची कृती त्याआधी, 1796 मध्ये, अमेलिया सिमन्स यांनी दिली होती. डच कोको गडद, जवळजवळ काळा दिसतो, फोटोत छान येतो. संत्र्याबरोबर मात्र मी क्षार न लावलेला, तांबूस, किंचित आंबट कोकोच घेते.

कोकोची फळं फोडली की बिया पांढऱ्या, आंबटगोड गरात गुंडाळलेल्या असतात. केरळ-कर्नाटकात नारळ-सुपारीच्या सावलीत हे झाड लावतात. त्या बिया गरासकट ढीग करून पाच-सहा दिवस आंबवल्या नाहीत तर पुढे कितीही भाजल्या तरी चॉकलेटची चव येत नाही. म्हणजे आंबट फळाच्या सहवासातच चॉकलेट घडतं. चांगल्या कोकोत आणि संत्र्याच्या सालीत लिनालूल हे फुलांच्या वासाचं द्रव्यही सापडतं. संत्रं आणि चॉकलेट यांची जोडी कुणीतरी नवलाईसाठी लावली, असं मला कधीच वाटलं नाही. क्षार लावून कोकोचा आंबटपणा मारला की ही ओळख पुसली जाते, एवढंच माझं म्हणणं.

कप दोन तृतीयांश भरायचे. 170 अंशांवर अठरा-वीस मिनिटं. मोठा केक आतपर्यंत शिजायला पाऊण तास घेतो, तेवढा वेळ वाफ सुगंध बाहेर नेत राहते. म्हणून या चवीसाठी मला लहान आकार हवा. साध्या केकला वरचा सोनेरी रंग सांगतो की झालं. कोकोचा केक काही सांगत नाही, तो कच्चा असतानाही तपकिरी आणि करपला तरी तपकिरी. इथे बोट आणि नाक लागतं. मधोमध हलकं दाबल्यावर वर आला पाहिजे, विणायची सुई घातली तर दोन-चार ओलसर कण लागलेले चालतील. आणि घरभर संत्र्याचा दरवळ पसरायच्या आत मी ओव्हनपाशी उभी असते. पाहुण्यांना तो दरवळ आवडतो, पण जो वास बाहेर आला तो कपकेकमधून गेलेला असतो.

गरम कपकेक खाऊन मत बनवू नये. भाजल्या दिवशी कोको पुढे असतो, संत्रं मागे. झाकणाच्या डब्यात रात्रभर राहिले की दोन्ही एकमेकांत मुरतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चहाबरोबर संत्रं आधी येतं, कोको नंतर. तेलाचा केक असल्यामुळे तो मऊही राहतो. ऑर्डर असेल तर मी आदल्या दिवशी भाजते आणि वरचा थर देण्याच्या दिवशी लावते.

हा वरचा थर म्हणजे गनाश. चॉकलेट घेताना पाकिटाची मागची बाजू वाचावी. कोको बटरच्या जागी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड. आपल्या उन्हाळ्यात ते तग धरतं, वितळवायला सोपं, म्हणून घरगुती बेकिंगमध्ये सर्रास वापरतात. पण कोको बटर तोंडाच्या उष्णतेला वितळतं आणि वितळताना वास सोडतं. कंपाउंडचा मेणचट थर जिभेवर बसून राहतो, मग खाली कितीही जपलेलं संत्रं असलं तरी ते पोचत नाही. मी पन्नास-पंचावन्न टक्क्यांचं डार्क चॉकलेट आणि तेवढ्याच वजनाची ताजी क्रीम घेते. क्रीम कोमट करून त्यात सालीच्या रुंद पट्ट्या वीस मिनिटं बुडवून ठेवते, मग गाळून चॉकलेटवर ओतते. इथे रस नको. क्रीम फाटू शकते.

कपकेकवर ठेवायला सालीचे पाक मुरवलेले तुकडे करते. साल तीन वेळा पाणी बदलून उकळायची, कडवटपणा निघून जातो, मग एकतारी पाकात पारदर्शक होईपर्यंत मंद आचेवर. ज्या घरात मुरांबा होतो तिथे हे कुणी शिकवावं लागत नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहूनच आच कमी केली आणि म्हणाल्या, "घाई केलीस तर पाक आत जायच्या आधी साल आकसेल."

बाजारात संत्र्याचा इसेन्स मिळतो. दोन थेंबांत काम होतं, वर्षभर होतं. मी तो घरात ठेवत नाही. त्याला संत्रागोळीचा वास आहे, संत्र्याचा नाही, आणि नागपुरात कुणाच्या हातात हा कपकेक दिला तर तो फरक पहिल्याच घासाला कळतो.

मग मृग बहार संपला की काय करायचं, असं विचारतात. इतर लिंबूवर्गीय फळं आहेत, पण प्रत्येकाचं निराळं. मोसंबीची साल सौम्य, ती कोकोपुढे टिकत नाही. कागदी लिंबाची साल इतकी पातळ की किस निघण्याआधी पांढरा थर येतो. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असलेलं म्हाळुंग कुठे मिळालं तर त्याची जाड सुगंधी साल पाकात मुरवायला फार छान, पण ते रोजच्या बाजारात येत नाही. कोकणात गणपतीच्या वर बांधतात त्या माटवीला टांगायला पपनस आणतात. त्याच्या सालीचा वास मोकळा आणि थोडा फुलासारखा असतो, आणि गणपतीनंतर कुणी कोकणातून येणार असलं तर एक पपनस मागवून ठेवते. त्याचा किस कोकोत सुरेख लागतो, फक्त साखरेशी जास्त वेळ चोळावा लागतो. मे-जूनमध्ये मात्र मी या कपकेकची ऑर्डर घेत नाही. साधे चॉकलेटचे देते, किंवा दिवाळीपर्यंत थांबायला सांगते.