वेळापूरची मी, वेळेच्या गावी

भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघून घ्या. किती वाजले? आता सांगा, हे कुणी ठरवलं? "सूर्यानं" म्हणाल, तर तुमचं उत्तर अर्धंच बरोबर. उरलेलं अर्धं लंडनमधल्या ग्रिनिचच्या टेकडीवर आहे. २०२३ च्या मे महिन्यात मी एक अख्खा दिवस तिथं काढला, त्याची ही गोष्ट.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरची. माउलींची पालखी पंढरपूरला जाताना मुक्कामाला थांबते ना, तेच वेळापूर. त्या वर्षी मी इंग्लंडमध्ये शिकत होते. वर्गातल्या एका मैत्रिणीला गावाचं नाव सांगितलं आणि 'वेळ' म्हणजे काय तेही समजावलं. ती म्हणाली, "मग तू ग्रिनिचला गेलंच पाहिजेस!" आमच्या गावाच्या नावाचा खरा उगम काहीही असो, मला ते एकदम पटलं. परीक्षा संपल्यावर एक दिवस मोकळा मिळाला. बसचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं. पहाटे निघायचं, संध्याकाळी परत. डब्यात चपात्या आणि घरून आलेल्या शेंगाचटणीची शेवटची पुडी.

ग्रिनिचला जायचे रस्ते पुष्कळ आहेत, पण मी निवडला तो थेम्स नदीच्या खालून जाणारा! १९०२ साली बांधलेला हा पायी जायचा बोगदा ३७० मीटर लांब आहे आणि चालायला एक पैसाही पडत नाही. गोल जिना उतरून खाली गेलं की पांढऱ्या फरश्यांची लांबच लांब नळी. डोक्यावरून नदी वाहतेय, बोटी चालल्यात, आणि आपण खाली चपला वाजवत निघालोय! पलीकडे वर आलं की समोर 'कटी सार्क' हे १८६९ सालचं शिडाचं जहाज उभं. ते चीनहून चहा आणायचं. मी ते बाहेरूनच पाहिलं, कारण तिकिटाचे पैसे वेधशाळेसाठी राखून ठेवले होते.

वेधशाळा टेकडीवर आहे. ती स्थापन झाली १६७५ साली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या पुढच्याच वर्षी. फाटकाशी १८५२ सालचं एक घड्याळ आहे. त्याच्या तबकडीवर बारा नाही, चोवीस आकडे! माझ्या मनगटावर अकरा वाजलेले, तिथं मात्र काटा दहावर. आणि सवयीनं नुसती काट्याची जागा पाहिली तर वाटावं, पाच वाजले. शेजारचे एक आजोबा आपलं घड्याळ मागे करायला निघाले होते, तर त्यांच्या नातीनं त्यांना थांबवलं. उन्हाळ्यात सगळं इंग्लंड आपली घड्याळं तासभर पुढे करतं, पण हे फाटकावरचं घड्याळ करत नाही. ते बारा महिने ग्रिनिचचीच वेळ दाखवतं.

आत अंगणात ती प्रसिद्ध रेषा आहे. शून्य रेखांश! एक पाय पूर्व गोलार्धात, एक पश्चिम गोलार्धात ठेवून फोटो काढायला ही मोठी रांग. मीही काढला, सोडते की काय! पण गंमत पुढेच आहे. मोबाइलवर बघितलं तर रेखांश शून्य येईना. हल्ली उपग्रहांवरून जी शून्य रेषा धरतात, ती या पट्टीच्या पूर्वेला १०२ मीटरवर, बागेतून जाते. तिथंही जाऊन उभी राहिले. तिथं ना पट्टी, ना रांग, नुसतं गवत.

आता जरा गणित करू, कंटाळू नका. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. वेळापूर साधारण ७५ अंश पूर्वेला आहे. पंचाहत्तर भागिले पंधरा म्हणजे पाच. सूर्याच्या हिशेबानं आमचं गाव ग्रिनिचच्या पाच तास पुढे. मग आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे कसं? कारण सगळ्या भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावरून धरलेली आहे. म्हणून वेळापुरात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास. अंगणात काठी रोवून सर्वांत आखूड सावली कधी पडते ते बघा, म्हणजे तुमच्या गावचंही कळेल.

हेच गणित उलटं केलं की खलाशाला भर समुद्रात आपला रेखांश कळतो. पण त्यासाठी निघाल्या बंदराची अचूक वेळ जहाजावर हवी, आणि हेलकाव्यांत तशी टिकणारी घड्याळंच नव्हती. १७०७ साली इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ, सिली बेटांवर, चार लढाऊ जहाजं खडकांवर आपटली आणि हजारावर माणसं बुडाली. मग १७१४ साली पार्लमेंटनं वीस हजार पौंडांचं बक्षीस लावलं. मोठमोठ्या विद्वानांची भिस्त आकाशातल्या ताऱ्यांवर होती. ते कोडं घड्याळानं सोडवलं जॉन हॅरिसननं. तो एका सुताराचा मुलगा, स्वतःही सुतारच. त्यानं पहिली घड्याळं चक्क लाकडाची केली होती.

त्याची चारही घड्याळं तिथं ओळीनं मांडलेली होती. पहिली तीन पितळेची, धिप्पाड, दोन्ही बाजूंना हात हलवल्यासारखी हलणारी. चौथं मात्र तळहाताएवढं. वंगण वाळून झिजू नये म्हणून ते बंदच ठेवतात. जमैकाच्या प्रवासात ८१ दिवसांत ते फक्त पाच सेकंद मागे पडलं! तरी परीक्षक मंडळानं वर्षानुवर्षं शंका काढल्या, नव्या अटी घातल्या. शेवटी राजानं लक्ष घातलं तेव्हा १७७३ साली पार्लमेंटनं त्याला पैसे दिले. हॅरिसन तेव्हा ८० वर्षांचा होता. त्या काचेपुढून माझा पाय निघेना. फोटो घ्यायचंही राहून गेलं.

बाहेर आले तेव्हा एक वाजत आला होता. वेधशाळेच्या छतावर एक लाल गोळा आहे. १८३३ पासून तो रोज दुपारी एकच्या ठोक्याला खाली पडतो. नदीतल्या जहाजांनी तो बघून घड्याळं लावायची, हा हेतू. एका शाळेची मुलं उलटे आकडे मोजत होती, मीही त्यांच्यात घुसले. गोळा पडला! तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच.

डबा खाताना मात्र वाटलं, शून्य इथंच का? १८८४ साली वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी हे ठरवलं. जगातली बहुतेक जहाजं तेव्हा ग्रिनिचवरूनच मोजलेले नकाशे वापरत होती. आपल्या बाजूनं बोलायला तिथं आपलं कुणी नव्हतं. पुढे १९०६ साली इंग्रज सरकारनं भारतीय प्रमाणवेळ लागू केली, तर मुंबई अडून बसली! तिची स्वतःची वेळ ३९ मिनिटं मागे होती आणि शहरात ती १९५५ पर्यंत टिकली. काय ही मुंबई!

पाच वाजता बसस्थानकावर आले. आम्ही फोन कधी करायचा, हे ग्रिनिचवर ठरत नाही की मिर्झापूरवर ठरत नाही. ते शेतातल्या मोटारीच्या लाईटवर ठरतं. दिवसपाळी असली की आप्पा रात्री बोलतात. रातपाळी असली की दहाला लाईट येते आणि ते बॅटरी, काठी घेऊन उसाला पाणी द्यायला जातात. तेव्हा माझ्याकडे साडेपाच. ऊन लख्ख पडलेलं असतं. या वर्षाच्या फीसाठी काढलेलं कर्ज त्या उसावरच फिटायचं होतं.

साडेपाचला फोन लावला. मागे रातकिडे ओरडत होते.

"आप्पा, पायात बूट घातलेत का?"

"घातलेत गं. साप काय आज पहिल्यांदा बघतोय व्हय? तू कुठं हायस?"

"बघा की, वेळ जिथनं सुरू होते तिथं जाऊन आले."

"आसं? मग त्यास्नी सांगायचं की, आमची लाईट दिवसा द्या म्हणून."

मी हसत सुटले. शेजारची बाई वळून बघायला लागली. पलीकडे मोटार घरघरली, मग पाइपातून पाणी पडल्याचा आवाज आला आणि आप्पा म्हणाले, "ठेवतो. पाणी आलं."