आनंदनगर ते बारवी : कॅमेऱ्याची वाट

अंबरनाथचे आनंदनगर व्यापारी मंडळींस परिचित आहे ते औद्योगिक वसाहत म्हणून. गाळे, चिमण्या, मालाचे टेम्पो आणि हवेतील उग्र दर्प. येथे कोणी पाखरे पाहण्यास येईल, असे सहसा वाटत नाही. परंतु साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी यंत्रे थंडावली की कुंपणातील शिंपी पक्षी आणि वरच्या फांदीवरील तांबट स्पष्ट ऐकू येतात. गाळ्याच्या दारातील कुंडीत लिंबाचे रोप असेल तर त्याची पाने अवश्य पाहावीत. पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे जे दिसते, ती पुष्कळदा फुलपाखराची अळी असते. नशीब असेल तर राणी पाकोळीची. हिलाच महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि असा मान देणारे हे देशातील पहिले राज्य ठरले. माळी मात्र त्या पानांवर औषध फवारून मोकळा होतो.

वसाहतींना पाणी पुरविणारे एमआयडीसीचे बारवी धरण बदलापूरच्या पुढे, जंगलाच्या कुशीत आहे. कॅमेरा घेतलेली मंडळी पहाटेच तिकडे निघतात. याचे कारण व्यावहारिक आहे: कीटकांचे शरीर उन्हावाचून तापत नाही, म्हणून दव असेतो चतुर आणि टाचण्या गवताच्या पात्यावर निश्चल बसून राहतात. आंब्याच्या झाडावर ओंबील पाने शिवत असतात. धागा असतो अळीच्या तोंडातील रेशमाचा. कामकरी मुंग्या ती अळी धोट्यासारखी या पानावरून त्या पानावर फिरवितात. हे दृश्य टिपण्यास तासभर उकिडवे बसावे लागते, आणि बसणाऱ्यास ओंबील चावल्यावाचून राहत नाहीत.

पूर्वी अभ्यासाचा मार्ग बंदूक आणि टाचणी हाच होता. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह तसाच वाढला. सलीम अली यांनीही नमुन्यांसाठी पक्षी मारले. कॅमेऱ्याने ती हिंसा बरीचशी अनावश्यक केली. भुंगा, फुलपाखरू यांस चतुरिंद्रिय जीव म्हणून ओळखणाऱ्या घरांत हा छंद रुजावा, हे स्वाभाविकच आहे.

तथापि कॅमेराही निरुपद्रवी नाही. पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी विणीसाठी या रानांत येतो. काही हौशी त्याचा ध्वनिमुद्रित आवाज मोबाइलवर लावतात. प्रतिस्पर्धी आला असे समजून नर आपले काम सोडून धावत येतो. फोटो उत्तम मिळतो, पण विणीच्या दिवसांतील त्याची शक्ती त्यात व्यर्थ जाते. घरट्यापुढील फांद्या तोडल्या की कावळ्यास वाट मोकळी होते. म्हणूनच अनेक स्पर्धांत घरट्याची चित्रे स्वीकारीत नाहीत. चतुर पकडून फ्रिजमध्ये गारठवून फुलावर बसविणारेही आहेत. अशा चित्रास बक्षीस मिळाले, तरी तो खोटा जमाखर्चच होय.

पावसाळा ओसरताना धरणाकाठी पिवळसर चतुरांचे थवे दिसतात. यांतील एक जात, वाँडरिंग ग्लायडर, हिंदुस्थानातून मालदीवमार्गे वाऱ्यावर तरंगत पूर्व आफ्रिका गाठते, असे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले. हालारी ओसवाल कुटुंबे याच समुद्रावरून गलबतांनी मोंबासास गेली. हा प्रवासी जेमतेम दोन इंचांचा असतो, आणि ऊन चढल्यावर तो क्षणभरही बसत नाही.