यण्णीमज्जन ते कप्पडकळ्ळी

सोलापूरचे एक स्नेही फोनवर सहज म्हणाले, “गड्ड्याला येताय ना? मग कप्पडकळ्ळी झाल्याशिवाय हलायचं नाही बघा.” गड्डा म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा. ती पाहायची हौस जुनीच होती, पण तिकीट काढायला लावलं ते ‘कप्पडकळ्ळी’ या शब्दानं.

यात्रा संक्रांतीच्या सुमाराची. त्या दिवसांत सोलापुरात खोली मिळणं अवघड. मला मिळाली तिची खिडकी जिन्यात उघडत होती, गरम पाणी पहाटेच संपत होतं आणि भाडं मात्र दुपटीनं वाढलेलं. व्यवस्थापकाशी वाद घालून, चडफडत बाहेर पडलो. उत्तर कसब्यात पोचल्यावर तो राग कुठल्या कुठे गेला.

यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यापासून सात नंदीध्वज निघतात. माणसाच्या कितीतरी पट उंच काठी, वर बाशिंग, आणि ती तोलून धरणारा पांढऱ्या बाराबंदीतला एकच गडी. तो पाऊल टाकतो तसा आजूबाजूचा जमाव श्वास रोखतो. काठी दुसऱ्याच्या हाती गेली की ‘हर्र बोला हर्र’ची आरोळी उठते. पहिल्या दिवशी शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तेल लावलं जातं. सिद्धरामेश्वरांनीच ती स्थापली, अशी श्रद्धा. हे यण्णीमज्जन. कन्नडात ‘एण्णे’ म्हणजे तेल, ‘मज्जन’ म्हणजे स्नान. हिरेहब्बू या आडनावातलं ‘हिरे’ म्हणजे थोरला आणि ‘हब्ब’ म्हणजे सण.

दुसऱ्या दिवशी सम्मती कट्ट्यावर अक्षता. सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा एका कुंभारकन्येनं हट्ट धरला. योगी विवाह कसा करणार? त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला लग्न करायला सांगितलं, अशी कथा. अक्षतेच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या सम्मतीतलं ‘सत्यम’ कुणालाही कळतं, पण ‘दिड्डम’ ऐकलं आणि मी थबकलो. खरं, पक्कं या अर्थाचा कन्नड ‘दिट’ त्यात असावा, असं मला वाटतं. गर्दीतल्या आजीबाईंना विचारलं तर म्हणाल्या, “अर्थ कशाला? तो शब्द आला की तांदूळ टाकायचे!”

कप्पडकळ्ळी शेवटच्या दिवशी. अर्थ विचारला तेव्हा एका म्हाताऱ्या मानकऱ्यांनी आपल्या बाराबंदीचा एक बंद चिमटीत धरला आणि हळूच ओढून सोडवला. “कप्पड म्हंजे कापड. कळचायचं म्हंजे उतरवायचं. काठीचं कापड उतरलं, यात्रा सरली.” वर्तमानपत्रात याला वस्त्रविसर्जन म्हणतात आणि यण्णीमज्जनाला तैलाभिषेक. चूक काहीच नाही, पण त्या बंदाची ओढ त्यात येत नाही.

मधल्या एका दिवशी इंद्रभुवन, भुईकोट किल्ला, चादरीची दुकानं असं सगळं भराभर पाहून घेतलं. मन होतं ते इतिहासाच्या एका निवृत्त शिक्षकांशी झालेल्या वादात. सोळा गावांचं मिळून सोलापूर झालं, हे ते ठामपणे सांगत होते. ती सोळा गावांची यादी नीट वाचा, असं माझं म्हणणं. आदिलपूर, फतेहपूर, चपळदेव यांच्याबरोबर तीत सोलापूर आहे, सोनलगी आहे, सोनापूर आहे, संदलपूरही आहे! एकाच नावाची चार रूपं जिथे वेगवेगळी गावं म्हणून मोजली जातात, तिथे सोळाचा हिशेब टिकेल कसा? बाराव्या शतकातल्या लेखांत हे गाव सोन्नलगे आहे, आणि सिद्धराम म्हणजे सोन्नलिगेचे सिद्धराम. कामतीच्या शके 1238 च्या संस्कृत लेखात सोनलीपूर येतं, किल्ल्यातल्या लेखांत सोनलपूर आणि संदलपूर. ‘न’ गळला आणि सोलापूर उरलं. ज्यांनी तलाव बांधला, ज्यांची वचनं ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रेनं संपतात, ते कन्नडातच बोलत होते. गुरुजींना हे पटलं नाही. पण चहा त्यांनीच पाजला.

परतायच्या आधी हत्तरसंग कुडलला गेलो; भीमा आणि सीना तिथे भेटतात. आनंद कुंभार या सोलापूरच्याच संशोधकानं उजेडात आणलेला तिथला लेख शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा. मंदिराच्या तुळईवर मराठी अक्षरं आहेत: ‘वाछि तो विजेया होइवा’. वाचील तो विजयी होईल. राज्य तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांचं, दरबारी भाषा कन्नड, आणि दगडावर ही मराठी. मान वर करून अक्षरं लावत बसलो आणि परतीची एसटी चुकली. त्याचं वाईट वाटलं नाही. या मातीत दोन्ही भाषा हजार वर्षं शेजारी राहत आल्या, त्यात तेलुगू विणकऱ्यांची भर पडली, तर सोलापूरची मराठी ‘बिघडलेली’ कशी? आमच्या घरोघरचं तूप आणि अडकित्तासुद्धा कन्नडातूनच आले. स्कॉटलंडमध्ये वर्षअखेरीच्या सणाला आजही हॉगमने म्हणतात. तो शब्द बहुधा फ्रेंचातून आला, पण तिथं कुणी तो बदलून इंग्रजी शब्द छापत नाही.

यात्रेच्या पत्रिका आणि बातम्या छापणाऱ्यांना एवढीच विनंती: यण्णीमज्जन, कप्पडकळ्ळी हे शब्द मथळ्यात ठेवा. तैलाभिषेक आणि वस्त्रविसर्जन हवं तर खाली लहान अक्षरांत द्या.