भाट्याच्या खाडीवर गळ टाकताना

रत्नागिरीत काजळी नदी समुद्राला मिळते तिथे एका काठाला राजिवडा आणि समोर भाट्याची पुळण. राजिवड्यातल्या मुस्लिम मच्छीमार कुटुंबांचे या खाडीशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते. सुट्टीच्या दिवशी अस्रची नमाज आटोपून आम्ही मुलांना घेऊन इथे येतो. होड्या आणि जाळी कर्त्या माणसांची. काठावरचा गळ मात्र म्हाताऱ्यांचा, शाळकरी पोरांचा आणि आखातातून रजेवर आलेल्या तरुणांचाही.

इथले बुजुर्ग चांदच्या तारखेवरून पाणी सांगतात. १४-१५ तारखेला उधाण, ८-९ ला भांग. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.

उधाणाला ओढ जास्त, म्हणून शिसेही जड लागते. पण ते तंगुसाला घट्ट बांधले, तर आमिष ओढताच माशाला वजन जाणवते आणि तो ते टाकून देतो. यावर एका चाचांनी मुलांना सरकते शिसे शिकवले. भोकाच्या शिशातून तंगूस ओवायचा, मग एक मणी, मग फिरती कडी. कडीपुढे हातभर तंगूस आणि गरी. शिसे तळाशी बसून राहते. मासा कोळंबी घेऊन निघाला की तंगूस शिशातून सरकतो आणि ओढ थेट बोटाला कळते. शिसे आपटून कडीची गाठ झिजू नये, म्हणून मधला मणी.

रत्नदुर्गाखालच्या कातळात शिसे हमखास अडकते. तिथे तंगुसावर सरकणारी छोटी कडी ओवून, तिला शिसे बारीक, कच्च्या दोऱ्याने टांगतात. अडकले की दोरा तुटतो. शिसे जाते, तंगूस आणि मासा परत येतो. तुटलेला तंगूस कुजत नाही. त्यात पक्षी, कासवे गुरफटतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. काठावरच्या गळाला ती नाही, म्हणून पोरे नेमकी खवळलेल्या समुद्राच्या दिवसांत कातळावर जातात. अडकलेला गळ सोडवायला एखादा दोन पावले खाली उतरतो आणि मागून लाट येते. चाचा सांगतात, आधी १० मिनिटे लांब उभे राहून लाट कुठवर चढते ते पाहा, समुद्राकडे पाठ करू नका. कच्चा दोरा खरा कामाला येतो तो इथे. शिसे बाजारात पुन्हा मिळते. खाली उतरू नका, ओढा आणि तोडा, एवढे आपल्या मुलांना आवर्जून सांगा.