काळोख कोमट होताना

दात शिवशिवतील इतकी गार, तीच खरी बिअर, असा आपला पक्का समज असतो. पिंपात मुरलेल्या स्टाउट या काळ्या बिअरपुढे तो बाजूला ठेवावा लागतो. फ्रीजमधून काढलेली बाटली टेबलावर नुसती उभी राहू द्यायची आणि पाहुण्यांची कुरकुर ऐकून घ्यायची. ही बिअर बोलू लागते ती १० ते १३ अंशांच्या आसपास. त्याआधी ती फक्त काळी आणि गोड असते.

ग्लास पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळता. ओतताना तपकिरी फेस वर येतो आणि बघता बघता विरतो. एवढ्या कडक बिअरवर फेस फारसा टिकत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. अमेरिकेतल्या बीजेसीपी या बिअर-परीक्षणाच्या संस्थेचे परीक्षक ५० गुणांपैकी रूपाला फक्त ३ देतात. वासाला १२, चवीला २०. हा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो. वधूपरीक्षेच्या काळात तो कुणाला सुचला असता तर!

आज समोर आहे ती सेंट लुईसच्या पेरेनियल ब्रुअरीची अब्राक्सस, राय व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेली. तिच्यात अँचो मिरची, कोकोचे तुकडे, व्हॅनिलाच्या शेंगा आणि दालचिनी आहे. अँचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो. आपल्या ब्याडगीसारखी तीही तिखटापेक्षा रंगावासासाठीच घालायची, फक्त वास मनुकांकडे झुकणारा.

पिंपाची गोष्ट मात्र कायद्यापासून सुरू होते. अमेरिकेत बर्बन व्हिस्की काय, राय काय, कोऱ्या आणि आतून जाळलेल्या ओकमध्येच ठेवावी लागते. एकदा वापरलेलं पिंप त्या कामाला बाद. त्यामुळे केंटकीत सुमारे २०० लिटरची चांगली पिंपं सतत रिकामी होत असतात. १९९०च्या दशकात शिकागोच्या गूस आयलंड ब्रुअरीतल्या ग्रेग हॉलने जिम बीम या बर्बन कंपनीच्या बुकर नो यांच्याकडून अशी ६ पिंपं मिळवली आणि त्यांत स्टाउट भरली. पुढे त्याचा पंथच झाला.

जळालेलं लाकूड मुकाट बसत नाही. त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन सुटतं, ओकमधल्या लॅक्टोनना खोबऱ्याचा वास असतो. त्यामुळे ग्लासात नाक घातल्यावर व्हॅनिला ओळखता आला तरी तो शेंगेचा की लाकडाचा, हे सांगता येत नाही. मिरचीचा घोळ याहून मोठा. कॅप्सेसिन आणि अल्कोहोल, दोघंही तोंडातल्या उष्णता जाणवून देणाऱ्या एकाच यंत्रणेला डिवचतात. माझा ठोकताळा असा, की नाकाला झोंबतो तो अल्कोहोल. घोट उतरून गेल्यावर घशाशी सावकाश उमलते ती मिरची.

कोको, मिरची आणि व्हॅनिला मेक्सिकोत शतकानुशतकं एकाच पेल्यात नांदत होते. दालचिनी मागाहून, स्पॅनिश जहाजांतून तिकडे पोचली. उशिरा आलेली ही पाहुणी बहुतेक वेळा मैफलीत सर्वांत मोठ्याने बोलते. कित्येक मसालेदार स्टाउटमध्ये पहिल्या घोटाला दालचिनीच दालचिनी, आणि तिच्याखाली काहीच नाही. पोकळ बिअरवर मसाल्याची पावडर थापणं हा सोपा उद्योग आहे. गारव्यात तो खपूनही जातो, म्हणून पहिल्या घोटाच्या कौतुकावर माझा विश्वास नाही.

खरी परीक्षा ग्लासातली बिअर खोलीइतकी उबदार झाल्यावर. मग लपवाछपवी चालत नाही. गोडी चिकट असेल तर ओठांना चिकटते, अल्कोहोल कच्चा असेल तर रसायनासारखा भसकन वर येतो, बाटलीत हवा राहिली असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास सुटतो. अब्राक्ससमध्ये ऊब वाढते तशी करपलेल्या बार्लीची कडू, कॉफीसारखी कड वर येते आणि साऱ्या गोडव्याला वेसण घालते. मनुका, जळकं लाकूड, कोको एकमेकांत इतके मिसळतात की कागदावर वेगळी नावं लिहिताना पेन अडतं. त्या अडण्यालाच मी गुण देतो.

चवीचे १७ लिहिले. शेजारी बसलेला मित्र १९ वर अडून आहे, पण दालचिनीच्या बाबतीत तो पहिल्यापासूनच हळवा.