भाकरीचं माप

लातूर

ती. मामांस,


नांदेडहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढल्याचं कळताच तुम्ही पोळी-भात सोडून ज्वारीवर आलात, चहातली साखर बंद केलीत, हे वाचून बरं वाटलं. पण मामा, एक गोष्ट स्पष्टच लिहितो. धान्य बदललं आणि माप तेच राहिलं, तर हाती फारसं काही लागत नाही. ज्वारी चांगलीच, पॉलिशच्या तांदळापेक्षा तिच्यात चोथा जास्त. तरी पीठ ते पीठच, तीन भाकरींची साखर रक्तात उतरणारच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या मधुमेह पाहणीतले आहाराचे निष्कर्ष 2025 मध्ये आले. आपल्या रोजच्या उष्मांकांतला सुमारे 62 टक्के वाटा पिष्टमय पदार्थांचा निघाला. तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्य घेतल्याने धोका कमी झालेला दिसला नाही. पिष्टाचा वाटाच कमी होऊन तिथे डाळी किंवा दूध-दही आलं, तर मात्र तो कमी दिसला. डाळीसाठी आपल्याला दूर कुठे जायचंय? लातूरच्या मिलांतली तूरडाळ देशभर जाते आणि आपल्या वाटीत वरणाचं नुसतं पिवळं पाणी!

वेळअमावस्येच्या सणाची भज्जी आठवा. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, मेथी, गाजर, आणि हे सगळं धरून ठेवण्यापुरतंच बेसन. त्या दिवशी भज्जी वाडगाभर असते आणि भाकरी तिच्या सोबतीला. रोजच्या ताटात हे नेमकं उलटं झालंय: भाकरी पोटभर, भाजी तोंडी लावण्यापुरती. ते पुन्हा सुलटं करायचं, एवढंच माझं म्हणणं आहे. सकाळच्या सुशिल्याचंही तसंच. हाताला हलका लागतो म्हणून तो पोटालाही हलका, असं आपण धरून चालतो. पण त्यातले मुरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळ, साखर झपाट्याने चढवणारा. त्यापेक्षा मटकीची उसळ बरी.

तुम्ही लिहिलंत, ‘मी तर अंगाने बारीक, मला कसलं पथ्य?’ पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारीशेजारी छापला होता. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, पण शरीरातली चरबी इंग्रजाची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. आपल्याकडे बारीक हातापायांच्या माणसाच्याही पोटात चरबी साठलेली असते. म्हणून वजनकाट्यासोबत कंबरेला टेपही लावा.

दीक्षित पद्धतीबद्दल विचारलंत. डॉ. जगन्नाथ दीक्षित आमच्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचे, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून त्यांनी दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांच्या आत जेवायचं आणि 45 मिनिटं चालायचं हा परिपाठ लोकांत रुजवला. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती मधल्या वेळची बंदी. खारी, टोस्ट, शेव, चहा हे सगळं एका फटक्यात सुटतं. पण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवणाची वेळ स्वतःच्या मनाने चुकवली, तर साखर एकदम खाली जाऊन घेरी येते, शुद्धही हरपू शकते. डॉक्टरांकडून आधी डोस बदलून घ्या, मगच सुरू करा. आणि दोनच वेळा म्हणून दोन्ही वेळा ताट शीगभर, असं नको.

कोलेस्टेरॉलचा हिशोब थोडा वेगळा आहे. ट्रायग्लिसराइड हे बरंचसं पिष्ट, साखर आणि दारूने वाढतं, ते माप बदलल्यावर उतरू शकतं. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, मात्र तूप, वनस्पती तूप आणि बेकरीच्या पदार्थांशी जास्त बांधलेलं. करडईचं तेल या बाबतीत उत्तम, पण तेही हात राखून. आहाराने एलडीएल काही प्रमाणातच उतरतं. तुमच्या वयाला आणि साखरेला धरून डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती पथ्याच्या भरवशावर बंद करू नका. गोळी घेणं म्हणजे पथ्य हरलं, असं मुळीच नाही.

मामी म्हणतील, एका घरात दोन स्वयंपाक कसे करायचे? करूच नका, सगळ्यांना हेच वाढा. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या 2006 च्या अभ्यासात साखर काठावर असलेल्या लोकांत आहार आणि व्यायामामुळे मधुमेहाचा धोका तीन वर्षांत 28.5 टक्क्यांनी घटला; मेटफॉर्मिनच्या गोळीने 26.4 टक्क्यांनी. तुमच्या मुलांचं वय आत्ता त्याच काठावरचं आहे.

नांदेडच्या मे महिन्यात दिवसा चालणं होणार नाही. पहाटेच निघा, आणि रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर तरी फिरा. तीन महिन्यांनी तपासणी झाली की तीन महिन्यांची सरासरी साखर, ट्रायग्लिसराइड आणि एलडीएल, तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून कळवा. कंबरेचं मापही.

तुमचा भाचा